खंडेनवमीचा रोटर

"अक्का, जरा कडेनं जावा. पाटाला पाय लागंल," ईश्वरा मिस्त्री म्हणाले.

मी पाटाला वळसा घालून झेंडूची पाटी खाली ठेवली. खंडेनवमीची सकाळ होती. कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात त्या दिवशी यंत्रं बंद असायची. लेथ, ड्रिल धुऊन पुसून त्यांना माळा घालायच्या आणि मधल्या मोकळ्या जागेत लांब लाकडी पाटावर लाल कापड अंथरून सगळी हत्यारं मांडायची. पाने, पकडी, कात्र्या, कानशी, करवती. मधोमध त्या साली केलेल्या नव्या मोटरीचा रोटर, म्हणजे मोटरीच्या पोटात फिरतो तो भाग. आणि सगळ्यात शेवटी आण्णांचा हातोडा. आण्णा म्हणजे मालकांचे वडील. त्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये धंदा सुरू केला तेव्हाचा तो हातोडा होता. ही मांडणी करायचा मान मिस्त्रींचा. दुसरं कुणी एक पाना जरी ठेवला तरी ते तो उचलून परत आपल्या हातानं ठेवायचे.

मिस्त्रींनी कपाटातून लाकडी डबा आणला, झाकण काढलं आणि आतला रोटर दोन्ही हातांनी उचलून पाटाच्या मधोमध ठेवला. मी बघत होते.

"मिस्त्री, तो प्रणोतीचा रोटर हाय. ती त्याच्याजवळ कपाटाची किल्लीसुद्धा नेऊ देत नाही."

"काल विचारलंय तिला. ठेवा म्हणाली." त्यांनी खालचं कापड सारखं केलं. "आन् पाट लाकडाचा हाय, वर कापड हाय. मधी लाकूड असल्यावर काय होतंय?"

मला ते पटलं. आमच्या पंपाच्या मोटरींचे रोटर दर वर्षी त्याच जागेवर बसत आलेले. त्यांना कधी काही झालेलं नव्हतं.

प्रणोती हेरवाडे आमच्याकडं इंटर्नशिपला आली होती. सांगलीच्या कॉलेजात मेकॅनिकल शिकत होती, शेवटचं वर्ष. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक. मालकांना बॅटरीवरच्या रिक्षाची मोटर करायची होती आणि पंपापलीकडं आमच्यात कुणाला काही ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी तिला ठेवून घेतलं. ह्या मोटरीच्या रोटरवर बाहेरून चुंबकं चिकटवलेली असतात. ती परदेशातून मागवलेली, खोबऱ्याच्या कापासारखी वाकडी, आणि जोर असा की दोन एकत्र आली तर माणसाला सुटायची नाहीत. प्रणोतीनं ती एकेक करून स्वतः चिकटवली. त्या दिवसांत तिची नखं काळीनिळी असायची.

मी वाइंडिंगला होते. मोटरीच्या खाचांमधून तांब्याची तार भरणं हे माझं आणि शबानाचं काम. पहिल्याच आठवड्यात प्रणोती कागद घेऊन आमच्या टेबलाशी आली होती.

"मावशी, ह्या खाचेत एवढी तार बसली पाहिजे."

"एवढी बसत नाही."

"कागदावर बसते."

"मग कागदावरच चालवा मोटर," मी म्हटलं. शबाना एवढी हसली की तिच्या हातातलं रीळ सुटलं.

प्रणोतीला राग आला नाही. ती स्टूल ओढून माझ्याशेजारी बसली आणि म्हणाली, "मला द्या." दुपारपर्यंत तिचा अंगठा कापला. दुसऱ्या दिवशी ती नवा हिशेब घेऊन आली. एका जाड तारेऐवजी बारीक तारा एकत्र घ्यायच्या, म्हणजे खाचेत वाकतील. तशा त्या बसल्या. तेव्हापासून ती माझ्या डब्यातली भाकरी खायची आणि तिच्या आईच्या हातचं लोणचं मला द्यायची.

एकदा जेवताना मी विचारलं होतं, "आन् ही मोटर नाही चालली तर?"

"मग पुण्याला जाऊन कॉम्प्युटरचं काहीतरी करायचं. माझ्या वर्गातले सगळे तिकडंच निघालेत."

"वाईट हाय ते?"

"वाईट नाही." तिनं लोणच्याची फोड भाकरीवर ठेवली. "पण त्यात काही फिरत नाही, मावशी."

पुण्याहून रिक्षा बनवणाऱ्या कंपनीचा माणूस दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येणार होता. भरलेली रिक्षा दंडोबाच्या डोंगराच्या चढावर चढवून दाखवायची. चढली तर मोटरीची ऑर्डर मिळणार आणि प्रणोती कायम होणार, हे मालकांनी सगळ्यांसमोर बोलून ठेवलेलं.

तर त्या सकाळी प्रणोती साडी नेसून आली होती आणि फाटकाशी रांगोळी घालत होती. आण्णा खुर्चीत बसले होते, पांढरी टोपी घालून. मालक नारळ सोलत होते. मिस्त्रींनी फडक्यानं आण्णांचा हातोडा पुसला, कपाळाला लावला आणि नेहमीच्या जागी, रोटरच्या शेजारी ठेवायला वाकले.

हातोडा त्यांच्या हातातून गेला. पडला नाही; आडवा गेला. दगडावर दगड आपटावा तसा आवाज झाला. पाठोपाठ एक कात्री आणि दोन पाने कापडावरून सरकत जाऊन रोटरला चिकटले. मिस्त्री गुडघ्यावर बसले. त्यांचा डावा हात पाटावरच होता. ओरडले नाहीत ते. नुसतं म्हणाले, "बोट."

हातोड्याचं तोंड आणि रोटर यांच्यामध्ये त्यांच्या डाव्या हाताची तर्जनी होती.

दोघंतिघं धावले. कुणी हातोडा ओढायला लागलं, मालक कोपऱ्यातली पहार घेऊन आले. तोवर प्रणोती आत आली, हाताला पांढरी रांगोळी लागलेली.

"पहार तिथंच ठेवा. कुणीही लोखंड जवळ आणायचं नाही." ती मिस्त्रींच्या बाजूला बसली. "मिस्त्री, बोट ओढू नका. हात सैल सोडा. मावशी, तुमची पट्टी आणा. शबानाताईंची पण."

वाइंडिंगचं आमचं हत्यार म्हणजे बांबूची पट्टी. खाचेत तार दाबायला ती लागते. लोखंडाची चालत नाही, तारेवरचा लेप खरवडतो. प्रत्येकीनं आपली आपण तासून घ्यायची, आपल्या हाताला बसेल तशी. माझी पट्टी कितीतरी वर्षांची होती, वार्निश पिऊन काळी झालेली. नवी कामाला लागले तेव्हा पहिल्या खंडेनवमीला मीही ती पाटावर नेऊन ठेवली होती. मिस्त्रींनी ती उचलून माझ्या हातात परत दिली. "अक्का, ही चुलीत घालायची काटकी. हत्यारं हितं ठेवायची." सगळे हसले होते, मीही हसले होते. त्यानंतर पट्टी टेबलाच्या खणातच राहायची. त्या दिवशीही खणातच होती.

पट्टी बोटाच्या एका अंगानं सरकवायला मी सुरुवात केली. तार भरताना हात लावतो तसाच लावला. घाई केली तर काही आत जात नाही. दुसऱ्या अंगानं शबानानं तिची सरकवली. मिस्त्रींच्या कपाळावरून घाम गळत होता.

"आता हातोड्याचा दांडा," प्रणोती म्हणाली. "ओढायचा नाही. कलवायचा. मालक, तुम्ही दांडा धरा, मी म्हणेन तसा माझ्याकडं कलवा. बाकीच्यांनी रोटर धरून ठेवा. मावशी, फट पडली की पट्टी आत."

मालकांनी दांडा कलवला. केसाएवढी फट पडली, मी पट्टी आत रेटली. परत कलवला, परत रेटली. मिस्त्रींनी बोट काढून घेतलं आणि त्याच क्षणी हातोडा परत बसला, आता माझ्या पट्टीवर. बांबू करकरला, पण तुटला नाही.

मिस्त्री आपल्या बोटाकडं बघत होते. शेवटच्या पेराचं बघण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. मालकांनी त्यांना गाडीत घातलं आणि मिरजेला दवाखान्यात नेलं.

प्रणोती तिथंच बसून राहिली. तिनं एकेक पाना, कात्री बाजूला सारून काढली, शेवटी हातोडा. मग रोटर हळूहळू फिरवला आणि एका जागी थांबली. एका चुंबकाच्या कोपऱ्याचा टवका उडाला होता, लसणाच्या पाकळीएवढा. त्या टवक्याचा भुगा होऊन सगळ्या चुंबकांना चिकटला होता.

"दुसरं चुंबक हाय?" शबानानं विचारलं.

"मोजूनच आली होती," ती म्हणाली. साडीच्या निऱ्यांना रांगोळी लागत होती, तिकडं तिचं लक्ष नव्हतं.

आण्णा खुर्चीतून म्हणाले, "पूजा व्हायची हाय अजून."

हातोडा परत जागेवर गेला, रोटरपासून लांब. रोटर पाटावरून खाली आला. आण्णांनी स्वतः पूजा केली, नारळ वाढवला. आरती झाली.

मालक परत आले तेव्हा मिस्त्री बरोबर होते. दवाखान्यात राहायला सांगितलं होतं म्हणे, पण ऐकलं नाही. हाताला पांढरा गोळा बांधलेला.

"डब्यातनं रोटर कुणी काढला?" मालकांनी विचारलं.

"मी," मिस्त्री म्हणाले.

"मी ठेवा म्हणाले होते," प्रणोती म्हणाली.

"तुला ठाऊक नाही त्यात काय आहे?"

"ठाऊक आहे. काल त्यांनी मोटर पूजेत ठेवू का विचारलं, मी मान हलवली. माझं लक्ष लॅपटॉपमध्ये होतं. मला वाटलं, मोटरीचं नुसतं बाहेरचं कवच ठेवतील."

"डब्यावर लिहिलेलं होतं ना?"

"इंग्लिशमधी हाय ते," मिस्त्री म्हणाले.

मालकांनी डबा उचलून बघितला आणि खाली ठेवला. मलाही ते वाचता आलं नसतं. मला अक्षरं उशिरा आली, शबानाच्या लेकीच्या पाटीवर गिरवून, तीही मराठीच आणि तेव्हा जेमतेमच.

"पुण्याला फोन करून दिवस पुढं ढकलू?" मालक म्हणाले.

"ढकलला तर ते येतील?"

"नाही येणार," मालक म्हणाले. "दुसऱ्या एकाचीही मोटर बघायलेत ते."

"मग नको ढकलायला."

"पोरी, मी स्पष्ट सांगतो. परवा ही चढली नाही तर मी परत यात हात घालणार नाही. पंपाच्या मोटरी बऱ्या. तुझं आणि ह्या मोटरीचं एकदमच ठरणार."

"चालेल," प्रणोती म्हणाली. मग आण्णांकडं वळली. "आण्णा, एक कात्री आणि पाना घेऊ?"

"उद्या उत्तरपूजा झाली की घे."

"उद्या जोडायलाच दिवस जाईल. आज साफ नाही झाला तर—"

"मला कळतंय. मोटर माझ्या पोराची हाय, ती बुडाली तर माझंच बुडणार हाय." आण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "पण हत्यारं आज तुझी न्हाईत आन् माझीबी न्हाईत. आजच्या दिवस ती त्यांची त्यांची हायत. वर्षातनं एक दिवस."

"हातोडा तर आपणहून उठला की, आण्णा," शबाना म्हणाली.

"म्हणूनच सांगतोय. त्याचा भरोसा न्हाई आज."

वडिलांसमोर मालक पूजेतला पाना उचलणार नाहीत हे आम्हाला माहीत होतं. प्रणोतीनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं, मग पदर कमरेला खोचला.

"मावशी, मागं पुऱ्यांची कणीक मळलीय ना?"

"भूक लागली?"

"कच्चीच पाहिजे. मोठा गोळा."

मागच्या बाजूला नैवेद्याचा स्वयंपाक चालला होता. मी परात घेऊन आले. तिनं कणकेचा उंडा रोटरवर दाबून दाबून फिरवला. चुंबकाला धरून बसलेला भुगा कणकेत रुतून वर येत होता. पांढरी कणीक बघता बघता करडी झाली. तिनं दुसरा उंडा घेतला.

"अन्न हाय ते," आण्णा म्हणाले.

"टाकणार नाही, आण्णा. झाडाखाली पुरते."

आण्णांनी मान डोलावली आणि खुर्ची थोडी पुढं ओढून घेतली. त्यानंतर ते हलले नाहीत.

चुंबकांच्या मधल्या फटींत कणीक जाईना. तिथं मी पट्टीच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून फट पुसली. पट्टीच्या मधोमध हातोड्याच्या कडेचा ठसा उठला होता, चंद्राच्या कोरीसारखा. बोट त्याच्यावरून गेलं की कळायचं. प्रणोती मोबाइलच्या उजेडात बघायची आणि म्हणायची, "अजून आहे." मी परत पुसायची. मोटरीत रोटर आणि बाहेरच्या भागात जी फट असते ती जाड कागदाएवढीच असते. एक कण राहिला तरी फिरताना सगळं वाइंडिंग सोलून काढील, असं तिनं सांगितलं. ते वाइंडिंग माझं आणि शबानाचं होतं. आम्ही परत परत पुसलं.

टवका गेलेल्या जागी तिनं दोन पुड्या एकत्र मळल्यावर दगडासारखी घट्ट होते ती लुगदी भरली, माझ्या पट्टीनंच थापली. मग रोटरला बाहेरून काचेच्या धाग्याची फीत गुंडाळायची होती. फीत आमच्या टेबलावर असते, ती पूजेत नव्हती. पण ती कापायची कशानं? कात्र्या सगळ्या पाटावर.

"विळी हाय की मागं," शबाना म्हणाली.

प्रणोतीनं आण्णांकडं बघितलं.

"विळी घे. ती कुठं हत्यार हाय?" आण्णा म्हणाले. "ती बायकांची. ती पूजेत कधी नसतीच."

शबानानं माझ्याकडं बघितलं. मी फीत घेऊन मागं गेले आणि विळीवर कापून आणली. विळी रोटरच्या वाऱ्याला आणायची नव्हती.

"घट्ट बांधा, मावशी. पण गाठ वर यायला नको."

"गाठ दिसली तर मला कामावरून काढा."

"मीच राहते की जाते ठरलं नाही, तुम्हाला कुठं काढू?" ती म्हणाली. त्या दिवसात ती पहिल्यांदा हसली.

शेवटी तोल बघायचा राहिला. एक बाजू जड असेल तर मोटर थरथरते. तोल बघायला लागतात त्या लोखंडी पट्ट्या पाटावर होत्या, त्या घ्यायच्या नव्हत्या आणि चुंबकाला चालल्याही नसत्या. मालकांनी स्वतः ऑफिसच्या खिडकीचं ॲल्युमिनियमचं सरकतं दार काढून आणलं. त्याच्या दोन कडांवर रोटरचा दांडा ठेवला की रोटर हळूच गडगडायचा आणि जड बाजू खाली जाऊन थांबायचा. प्रणोती वरच्या हलक्या बाजूला मुगाएवढी लुगदी लावायची. परत गडगडायचा. परत मुगाएवढी. उजेड कमी झाला तेव्हा तो कुठंही ठेवला तरी तिथंच थांबायला लागला. मिस्त्री भिंतीला टेकून हे सगळं बघत होते. त्यांना घरी जा म्हटलं तरी गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाली आणि हत्यारं मोकळी झाली. मोटर जोडताना मिस्त्री एका हातानं दाखवत होते, प्रणोती दोन हातांनी करत होती. रोटर आत सोडताना चुंबक बाजूला ओढतो आणि वाइंडिंगवर आपटतो. मी खाचांवरून बांबूच्या पट्ट्या उभ्या धरल्या, रोटर त्यांच्यावरून घसरत आत बसला. संध्याकाळी आपट्याची पानं दिली-घेतली. प्रणोतीनं मिस्त्रींना पान देऊन नमस्कार केला. मिस्त्री म्हणाले, "उद्याचं बघ आधी."

पुण्याहून आलेल्या माणसाचं नाव बर्वे. किडकिडीत, कमी बोलणारा. रिक्षा दंडोबाच्या पायथ्याला उभी होती, मागं वाळूची पोती भरलेली. ते मोटर बघायला वाकले तेव्हा प्रणोती म्हणाली, "सर, आधी एक सांगायचंय. आत एका चुंबकाचा टवका गेलाय."

मालकांनी तिच्याकडं असं बघितलं की मला वाटलं आता संपलं.

"कसा गेला?" बर्वेंनी विचारलं.

"खंडेनवमीच्या पूजेत. हातोडा बसला."

"आणि तशीच जोडलीत?"

"भरून, बांधून, तोल बघून जोडलीय. तिचा जोर थोडा कमी पडेल. पण चढेल."

"पोती काढा," बर्वे म्हणाले. "पोती हलत नाहीत. माणसं बसवा."

मग आम्ही बसलो. मी, शबाना, आमच्या इथले दोन हमाल आणि मिस्त्री, हात छातीशी धरून. पुढं चालवायला प्रणोती, तिच्या शेजारी बर्वे. मालक पायथ्याला राहिले.

रिक्षा निघाली. आवाज पंपाच्या मोटरीसारखा नव्हता, गुणगुणल्यासारखा. त्यात मधूनमधून एक बारीक ठेका होता. तो कुठल्या जागेचा आहे हे मला कळत होतं, प्रणोतीलाही कळत असणार. चढाच्या मध्यावर, सगळ्यात उभ्या ठिकाणी, बर्वे म्हणाले, "थांबवा."

तिनं ब्रेक दाबला. आम्ही सगळे मागं कललो. शबानानं माझं मनगट धरलं.

"आता उचला."

ब्रेक सुटला आणि रिक्षा मागं सरली. हातभर सरली असेल. एक हमाल उडी मारायला उठला, मिस्त्रींनी चांगल्या हातानं त्याचा शर्ट धरून खाली बसवला. "बस. चढतीय." तेव्हा चढत नव्हती. प्रणोतीनं हँडलची मूठ हळूहळू पिळली, घाई केली नाही. ठेका जोरात ऐकू आला, मग गुणगुणण्यात मिसळला, आणि रिक्षा जागेवर थांबली, मग पुढं सरकली. वर देवळाच्या पटांगणात जाऊनच ती थांबली.

बर्वे खाली उतरले आणि मोटरीवर तळहात ठेवून उभे राहिले. बराच वेळ हात काढला नाही. हात टिकतोय म्हणजे मोटर तापलेली नाही.

"दुसरी कधी देता?" त्यांनी विचारलं. "टवका नसलेली."

प्रणोती बाजूला जाऊन पटांगणाच्या कट्ट्यावर बसली. मी शेजारी जाऊन बसले. ती म्हणाली, "मावशी, डब्यात काय आहे?" मी भाकरी काढली.

पुढच्या खंडेनवमीला प्रणोती कायम झालेली होती. कारखान्याच्या एका अंगाला नवी खोली झाली होती. तिथं तिचे रोटर लाकडी डब्यांत रांगेनं ठेवलेले असत. प्रत्येक डब्यावर मोठ्या मराठी अक्षरांत लिहिलेलं: लोखंड जवळ नेऊ नये. मी ते थांबून थांबून वाचलं होतं. पूजेच्या दिवशी तिनं डब्यांच्या झाकणांवरच हळदकुंकू वाहिलं आणि खोलीचं दार ओढून घेतलं.

पाट तोच होता, लाल कापड नवं. मिस्त्री मांडणी करत होते. त्यांची तर्जनी नखाच्या अलीकडंच संपली होती, पण पाने अजून एका ओळीत लागत होते. मधोमध त्यांनी वीतभर जागा मोकळी सोडली होती. आण्णा खुर्चीत होते, मालक नारळ सोलत होते.

"अक्का," मिस्त्री म्हणाले, "तुमची पट्टी द्या."

शबानानं मला कोपरानं ढोसलं. पट्टी माझ्या कमरेला खोचलेली होती. मी ती काढली. हातोड्याच्या ठशावर अंगठा आपोआप जाऊन बसला. मग परत खोचली.

"नको, मिस्त्री. आजच्या दिवस ही मोकळीच बरी. परत बोट अडकलं तर मी सोडवू कशानं?"

आण्णा हसले. दात नसलेलं तोंड उघडून बराच वेळ हसत राहिले.

मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी मोकळ्या जागेवर झेंडूचं एक फूल ठेवलं, फडक्यानं हातोडा पुसला, कपाळाला लावला. वाकायच्या आधी थांबले.

"अक्का," ते म्हणाले, "जवळ उभ्या राहा."